संसाराचा हिशेब : फ्रीज घ्या, ऋण घेऊ नका



मार्च सरत आला की उन्हाचा तडाखा आणि भीमजयंतीची खरेदी एकदमच सुरू होते. घराला रंग, मुलाबाळांना कपडे, आणि त्यातच 'यंदा फ्रीज घ्यायचाच' असा ठराव घरोघरी होतो. आमचा त्याला विरोध नाही. फ्रीज ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटे उठून दोन-तीन डबे करून कामावर पळणाऱ्या बाईला रात्रीच भाजी चिरून, कणीक मळून ठेवता आली, तर तिची तेवढीच झोप वाचते. ज्या घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, त्या घराला तर फ्रीज औषधाइतकाच गरजेचा. न वापरलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावे लागते. मात्र ते बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठले की वाया गेले.

प्रश्न आहे तो निवडीचा. निवड घराने करायची की दुकानदाराने, हेच आधी ठरवायला हवे.

पहिली गोष्ट, फ्रीज कशासाठी हवा? केवळ गार पाण्यासाठी हवा असेल तर थोडे थांबा. माठाच्या अंगातून झिरपणारे पाणी वाऱ्याने उडते, त्यामुळे आतले पाणी गार होते. त्याला विजेचे बिल येत नाही. पण दूध नासते, उरलेली भाजी टाकावी लागते, आठवड्याच्या बाजारात भाजी स्वस्त असूनही जास्त आणता येत नाही, अशी अडचण असेल तर फ्रीज जरूर घ्यावा.

दुसरी गोष्ट मापाची. रोजच्या रोज शिजवून खाणाऱ्या चार-पाच माणसांच्या घराला १८० ते २०० लिटरचा एका दाराचा फ्रीज साधारणपणे पुरतो. माणसे सात-आठ असतील तर मोठा बघावा. शेजारणीकडे दोन दारांचा आहे म्हणून आपल्याकडेही तोच, हे काही कारण नव्हे. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फ साचतो, तो अधूनमधून वितळवावा लागतो. 'फ्रॉस्ट फ्री'मध्ये ते काम आपोआप होते, पण त्याची किंमत जास्त आणि वीजही सहसा जास्त लागते. बर्फ सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडले की गॅस गेला, आणि दुरुस्तीचा मोठा खर्च अंगावर आला.

खोली लहान असेल तर दुकानात जाण्याआधी जागा, दार आणि जिन्याचे वळण टेपने मोजून घ्या. फ्रीज शेगडीजवळ नको, भिंतीला अगदी चिकटूनही नको. मागची गरम हवा निघायला जागा लागते. प्लग तीन पिनांचा असावा आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

तिसरी गोष्ट विजेची. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचे धोरण त्यांच्या खात्याकडे होते. देशाची गरिबी हटवायची तर वीज स्वस्त आणि मुबलक हवी, हे त्यांनी त्या वेळी मांडले. ती वीज आपल्या खोलीपर्यंत आली आहे, तर तिचा हिशेब आपणच ठेवला पाहिजे. ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००६ साली ताऱ्यांच्या लेबलाची योजना सुरू केली. नुसते तारे मोजू नका. लेबलावर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो, तो वाचा. समजा, एका फ्रीजला २०० युनिट लागतात आणि दुसऱ्याला १४०. युनिट ८ रुपयांनी धरले, तर ६० युनिटांचे वर्षाला ४८० रुपये, दहा वर्षांत ४,८०० रुपये. मग दुसरा फ्रीज दोन हजारांनी महाग असला तरी शेवटी तोच स्वस्त पडतो. आपले जुने बिलही समोर ठेवा. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि त्यापुढचा चढा असतो. चाळीत मालकाच्या सबमीटरवर राहत असाल तर युनिटचा दर आधी विचारून घ्या.

'इन्व्हर्टर फ्रीज' म्हणजे वीज गेल्यावरही चालणारा फ्रीज, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. त्याचे कंप्रेसर गरजेप्रमाणे हळू किंवा जोरात चालते, म्हणून वीज कमी लागते, एवढाच त्याचा अर्थ. जुना फ्रीज विकत घेणार असाल तर दारात नोट धरून दार लावून पाहा. नोट सहज ओढून निघाली तर दाराचे रबर सैल झाले असे समजा.

घेताना पक्के बिल आणि तारखेचा शिक्का असलेले वॉरंटी कार्ड मागून घ्या. 'दहा वर्षांची वॉरंटी' बहुधा फक्त कंप्रेसरची असते. गॅस आणि मजुरी तिच्यात धरली आहे का, ते वाचून घ्या. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे. पैसे कसे द्यायचे? 'बिनव्याजी हप्ते' ही पाटी पाहून हुरळू नका. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, व्याज दुसऱ्या नावाने घेतले जाते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. दुकानात एकच प्रश्न विचारा, 'रोख दिले तर किती?' समजा, रोखीने १५,००० रुपये पडतात आणि हप्त्याने १,३५० रुपयांचे बारा हप्ते, वर ५०० रुपये फी. एकूण झाले १६,७००. म्हणजे १,७०० रुपये जास्त गेले. एखादा हप्ता चुकला की दंड वेगळा.

तथागतांनी सिगालाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत एक आहे ऋण नसण्याचे सुख. पालीत त्याला 'अनणसुख' म्हणतात. राखून ठेवलेला चौथा भाग फ्रीजसाठी मोडू नका. त्यापेक्षा जो हप्ता कंपनीला देणार होता, तोच बचत गटात किंवा बँकेच्या आवर्त ठेवीत स्वतःच भरा. महिना १,२५० रुपयांनी वर्षात १५,००० जमतात. जयंतीला जमले नाही तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास दसरा-दिवाळीच्या सवलती निघतातच. आपल्याला मुहूर्त पाहायचा नाही, भाव पाहायचा आहे. ज्यांच्या घरी इन्सुलिनची गरज आहे, त्यांनी मात्र थांबू नये. कर्ज घ्यावेच लागले तर बचत गटाचे घ्यावे. तिथे व्याज सर्वांसमोर ठरते.

फ्रीज घरात येण्याची आणखी एक वाट आहे, आणि तिच्याविषयी बोलायला आम्हालाही जड जाते. लग्न ठरताना मुलाकडचे म्हणतात, 'आम्हाला काही नको, फक्त फ्रीज द्या.' हुंडा घेणे आणि देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. मग तो रोख असो वा वस्तूच्या रूपात. ज्या फ्रीजसाठी मुलीच्या बापाने व्याजाने पैसे काढले, त्यातले गार पाणी घशाखाली कसे उतरावे? पंचशील म्हणून लावलेल्या लग्नात ही मागणी शोभत नाही. मुलाकडच्यांनी ती करू नये. कोणी केलीच, तर मुलीकडच्यांनी सोयरीक मोडावी, पण कर्ज काढू नये.

जाता जाता एक सूचना. फ्रीजच्या मागे खाली पाण्याचा ट्रे असतो. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. आठवड्यातून एकदा तो रिकामा करून, घासून, कोरडा करून लावा. आणि हे काम, भगिनींनो, घरातल्या मुलग्याला सांगा.

जयभीम!