दावा कोर्टात, जीव टांगणीला

मागच्या पंधरवड्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. ती लिहिते, "ह्यांच्या मित्राने खात्रीची बातमी दिली आहे. एका कंपनीचा करारावरून कोर्टात दावा चालू आहे, निकाल तिच्याच बाजूने लागणार आणि शेअरचा भाव दुप्पट होणार. त्यासाठी ह्यांना माझ्या नावची मुदतठेव मोडायची आहे. नाही म्हटलं तर घरात अबोला, हो म्हटलं तर माझी झोप जाणार. काय करू?"

पत्र वाचून निवडायला घेतलेली मेथी तशीच पुढ्यात राहिली. कारण असा अबोला आमच्याही घरात एकदा नांदून गेला आहे. ते पुढे सांगतेच. आधी एक दूरदेशीची हकीकत ऐका. माझा पुतण्या अमेरिकेत डल्लासला असतो. त्याने ती प्रथम सांगितली, मग मी हौसेने मिळेल ते वाचून काढलं.

तिकडे विमानात बसल्या बसल्या प्रवाशांना इंटरनेट आणि सिनेमे पुरवणारी गोगो नावाची कंपनी होती. तिची मूळ कल्पना १९९१ साली टेक्ससमधल्या एका खाणावळीत कागदी रुमालावर रेखाटली गेली, असं सांगतात. २००८ पासून अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानांत तिची सेवा सुरू झाली. २०१३ च्या जूनमध्ये तिचे शेअर १७ डॉलरला बाजारात आले. तिची युक्ती सोपी होती. जमिनीवर मनोरे उभारायचे आणि त्यांच्याकडून विमानाच्या पोटाखाली लावलेल्या अँटेनात संदेश घ्यायचे. पण प्रवासी वाढले, प्रत्येकाच्या हातात फोन आला, आणि एका नळावर सगळी चाळ पाणी भरायला आली म्हणजे जी गत होते, ती झाली. तेवढ्यात व्हायासॅट ही दुसरी कंपनी उपग्रहावरून जास्त वेगाची सेवा घेऊन पुढे आली.

आता अमेरिकन एअरलाइन्सच्या गोगोशी केलेल्या करारात एक कलम होतं. दुसऱ्या कोणी ठळकपणे चांगली सेवा देऊ केली, तर तसं गोगोला कळवायचं, तिला स्वतःचा नवा प्रस्ताव मांडायची संधी द्यायची, आणि तोही पसंत पडला नाही तर करारातून मोकळं व्हायचं. या कलमाच्या अर्थावरून दोघांचं बिनसलं. १२ फेब्रुवारी २०१६ ला अमेरिकन एअरलाइन्सने टेक्ससच्या कोर्टात दावा लावला. प्रश्न सुमारे २०० विमानांचा होता.

झालं! बाजार उघडताच गोगोच्या शेअरचा भाव एका दिवसात सुमारे चतुर्थांशाने कोसळला. निकाल नाही, सुनावणी नाही, नुसता कागद दाखल झालेला. आपल्याकडे म्हणतात ना, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातलीच गत. कोणी म्हणे कंपनी बुडाली, कोणी म्हणे हीच घेण्याची वेळ. आणि पुढे काय व्हावं? गोगोने ते कलम मान्य केलं, नवा प्रस्ताव द्यायची तयारी दाखवली, आणि काही दिवसांतच दावा मागे घेतला गेला! न्यायाधीशांना कोण बरोबर, कोण चूक हे सांगावंच लागलं नाही. जूनमध्ये अमेरिकन एअरलाइन्सने वाटणी केली. नवी १०० विमानं व्हायासॅटला दिली आणि दुसऱ्या १३४ विमानांवर गोगोची नवी उपग्रह सेवा बसवायचं ठरवलं. म्हणजे "गोगो जिंकणार" म्हणणारेही पुरते खरे ठरले नाहीत आणि "गोगो बुडणार" म्हणणारेही नाहीत.

पुढची गंमत ऐका. २०२० च्या वसंतात करोनाने विमानं जमिनीवर बसवली, तेव्हा हाच शेअर २ डॉलरच्याही खाली गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रवासी विमानांचा धंदा गोगोने ४० कोटी डॉलरला इंटेलसॅटला विकला आणि खासगी छोट्या विमानांचा तेवढा ठेवला. २०२१ संपताना भाव पुन्हा १० डॉलरच्या वर! यातलं २०१६ च्या दाव्यावरून कोणाला ओळखता आलं असतं, सांगा बरं?

आता आमची गोष्ट. कंपनीचं नाव घेत नाही. आमच्या ह्यांना कचेरीत कळलं, की अमुक कंपनी कंत्राटाच्या दाव्यात जिंकणार. मी शिकवण्यांतून साठवलेले ४०,००० रुपये होते. लेकीच्या वसतिगृहाची अनामत म्हणून बाजूला ठेवलेले. ते आम्ही घातले. निकाल लागला, आणि मैत्रिणींनो, कंपनी खरंच जिंकली! ह्यांनी पेढे आणले. पण संध्याकाळी भाव पाहतो तर खाली. का? जिंकणार, जिंकणार म्हणत सगळ्यांनी आधीच चढ्या भावाने घेऊन ठेवलं होतं, आणि निकालाच्या दिवशी सगळे विकायला निघाले. वसुलीचे पैसे तर अपिलात अडकले. जूनमध्ये अनामत भरायला मी माझ्या भावापुढे हात पसरला. तो काही बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

खरं सांगू का? दोष एकट्या ह्यांचा नव्हता. मी "नको" म्हणू शकले असते. पण मीही मनातल्या मनात नव्या फ्रीजचा भाव काढत होते.

तेव्हापासून आमच्या घरात काही नियम आहेत. तुम्हीही पदराला गाठ मारून ठेवा.

एक, ज्या पैशाला तारीख आहे, म्हणजे फी, अनामत, लग्न, दवाखाना, तो शेअरबाजाराला दाखवायचा नाही.

दोन, "आतली बातमी" सांगणाऱ्याला विचारायचं, तुम्हाला कुठून कळली? बाजारात नोंदलेल्या कंपनीला दाव्यासारखी महत्त्वाची गोष्ट शेअरबाजाराला जाहीर करावी लागते. ते निवेदन मुळातून वाचावं. सल्ला पैसे देऊन घेत असाल तर सल्लागाराची सेबीकडे नोंदणी आहे ना, ते पाहावं.

तीन, निकाल बाजूने लागला तरी अपील, तडजोड आणि वसुली मागे उभीच असतात. निकाल म्हणजे पैसा हातात नव्हे.

चार, गोगोकडून घेण्याचा धडा घरचा आहे. फ्लॅटचा करारनामा असो की मंगल कार्यालयाची पावती, "करार कधी व कसा मोडता येईल" हे कलम सही करण्याआधी मोठ्याने वाचा. मी तर ह्यांना वाचून दाखवायला लावते. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याचे कान असतात.

आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनीला सांगते, मुदतठेव मोडू नकोस. ती तुझ्या नावावर आहे, तुझ्या सहीशिवाय मोडत नाही. मात्र नुसतं "नाही" म्हणून स्वयंपाकघरात निघून जाऊ नकोस. रात्री जेवणं आटोपली की वही काढ, वर्षभरात तारखेला लागणारे पैसे दोघांनी मिळून लिहा. त्यातून उरलं आणि गेलं तर चुटपुट लागणार नाही इतकं थोडं ह्यांना हौसेसाठी जरूर दे. आमच्याकडे अबोला त्या वहीनेच मोडला. चार दिवस जड जातील, पण भावापुढे हात पसरण्यापेक्षा ते हलकेच, हे मी अनुभवाने सांगते.

काय ठरलं ते मात्र कळव हं!