डिफॉल्टच्या तटस्थतेची थाप

संगणकावर गाणी ऐकण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर आधीपासून बसवून द्यावे, या प्रश्नावर माणसे महिनोन्महिने भांडतात हे ऐकून आपल्या साहित्यवर्तुळातील मंडळी हसतात. हसणाऱ्यांनी आपापल्या अभ्यासमंडळाच्या बैठका आठवाव्यात. आपल्याकडे जे ‘नेमलेले पुस्तक’, तेच तिकडे ‘डिफॉल्ट’. ग्रंथालयात इतर पुस्तके असतातच आणि ती वाचू नका असे कोणी म्हणत नाही. तरी बहुसंख्य विद्यार्थी नेमलेलेच वाचतात, आणि ही गोष्ट प्रकाशकाला पक्की ठाऊक असते.

म्हणूनच ‘आवडत नसेल तर बदला, तुम्हांला कोणी अडवले आहे?’ हा लिनक्सवाल्यांचा लाडका युक्तिवाद आम्हांला अप्रामाणिक वाटतो. उबुंटूचेच उदाहरण घेऊ. २००४ मधील पहिल्या आवृत्तीपासून तिच्यात ऱ्हिदमबॉक्स हा प्लेयर होता. एप्रिल २०११ च्या ११.०४ या आवृत्तीत त्याला बाजूला सारून बॅन्शी आणला गेला. बॅन्शीमध्ये अ‍ॅमेझॉनचे एमपीथ्री दुकान होते आणि त्यातील विक्रीवर मिळणारे सगळे कमिशन ग्नोम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे जात असे. उबुंटूची मालक कंपनी कॅनॉनिकल हिने बॅन्शीच्या कर्त्यांपुढे दोन पर्याय ठेवले. एक तर दुकान मुळात बंद ठेवावे आणि कोणी ते चालू केल्यास सगळा पैसा ग्नोमला जावा; नाहीतर दुकान चालू ठेवून ७५ टक्के कंपनीने व २५ टक्के ग्नोमने घ्यावेत. कर्त्यांनी पहिला पर्याय निवडला. त्यानंतर, फेब्रुवारी २०११ मध्ये, कंपनीने तो निर्णय गुंडाळून ठेवला आणि दुकान चालू ठेवून ७५ टक्के स्वतःकडे घेण्याचे जाहीर केले. आपल्या उबुंटू वन संगीत-दुकानातील उत्पन्नाचेही २५ टक्के ग्नोमला देण्याची पुस्ती मात्र तिने जोडली. चर्चा हाताळताना चुका झाल्या, असे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी पुढे मान्य केले. वाटणी तीच राहिली.

यात बेकायदेशीर काहीच नव्हते. बॅन्शीचा परवाना असा बदल करण्याची पूर्ण मुभा देत होता. पण विचारून, उत्तर ऐकून, मग ते बाजूला ठेवणे ही परवान्याच्या कक्षेतली बाब नव्हे. आणि डिफॉल्ट ही खरोखरच किरकोळ सोय असती, तर कोणत्या कंपनीने तिच्यासाठी ७५ टक्क्यांचा आग्रह धरला असता? बदलण्याचे स्वातंत्र्य फार थोडे लोक वापरतात, या गृहीतावरच तो हिशेब उभा होता.

एप्रिल २०१२ च्या १२.०४ मध्ये ऱ्हिदमबॉक्स परत आला. कारणे तांत्रिक सांगितली गेली: बॅन्शीचे जीटीके ३ वरील रूपांतर तयार नव्हते, आणि तो ज्या मोनोवर चालतो ते काढले तर सीडीवरची जागा वाचत होती. ही कारणे खोटी नव्हती. मोनोविषयीचा जुना संशयही निराधार म्हणता येणार नाही; मायक्रोसॉफ्टच्या सी शार्पवर मुक्त सॉफ्टवेअरने विसंबू नये, असा इशारा रिचर्ड स्टॉलमन यांनी २००९ मध्येच दिला होता. परंतु मोनो आणि त्याला लागणारी जागा ११.०४ च्या वेळीही तेवढीच होती. दोन आवृत्त्यांपुरते पाटावर बसवायचे आणि मग पाट काढून घ्यायचा, हे निव्वळ तांत्रिक कसे म्हणावे? बॅन्शीची वाढ पुढे खुंटली. तिला हे एकच कारण झाले असे आम्ही म्हणत नाही, पण नेमणूक गेलेल्या पुस्तकाचे काय होते हे मराठीच्या अध्यापकांना सांगायला नको.

एका कामाला एकच सॉफ्टवेअर द्यावे, नवख्या माणसाला गोंधळवू नये, हे तत्त्व आम्हांला मान्य आहे. मात्र मग त्या ‘एका’मागची संगीताची कल्पनाही तपासावी लागते, आणि त्या वादात ती कोणीच तपासली नाही. ऱ्हिदमबॉक्स काय, बॅन्शी काय, दोघांचीही मांडणी कलाकार आणि अल्बम यांभोवती रचलेली. म्हणजे एका गायकाची एक तबकडी, तिच्यावर दहा-बारा गाणी. आता ‘संगीत मानापमान’मधले एखादे पद या चौकटीत बसवून पाहावे. शब्द खाडिलकरांचे, चाल गोविंदराव टेंबे यांची, १९११ मध्ये रंगभूमीवर गायिले बालगंधर्वांनी आणि पुढे कितीकांनी. यांतला ‘कलाकार’ कोण? ‘अल्बम’ कोणता? रागासाठी तर वेगळा रकानाच नाही. तो बिचारा ‘शैली’त, नाहीतर शेऱ्यात. ख्यालाच्या तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला ‘ट्रॅक’ म्हणताना आपल्याला काही खटकतही नाही, इतके आपण त्या रकान्यांचे झालो आहोत. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे श्रोतेही संगीतकार आणि वादक यांच्या गोंधळाबद्दल हीच तक्रार करतात. मग सीडीवर किती मेगाबाइट वाचले, याचा जाहीर हिशेब देणारे वितरण आपण निवडलेला प्लेयर कोणत्या संगीतासाठी घडला आहे आणि त्यातल्या दुकानाचा पैसा कोणाकडे जातो, हेही त्याच कागदावर का लिहीत नाही?