भालकीहून एका गुंतवणूकदारास

आदरणीय साहेब,

तुमचे नाव इथे लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. तुम्ही आमच्याच मुलखातले. शिकायला बंगळुरूला गेलात, मोठे झालात, आता नव्या उद्योगांत पैसा घालता. म्हणून आशेने तुमच्याकडे आलो. परक्याने उत्तराविना ताटकळत ठेवले असते तर एवढे लागले नसते.

तुम्ही आमची छोटी डाळ मिल पाहिलीत, डाळ शिजवून खाल्लीत, चव वाखाणलीत. मग म्हणालात, कंपनी बंगळुरूत नोंदवा, ऑफिस तिकडे थाटा, डाळ भरडण्याचे काम कुणाला तरी ठेक्याने द्या, मग बोलू. साहेब, तूर इथे पिकते. गुलबर्ग्याच्या (आताच्या कलबुर्गीच्या) तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते तिकडच्या मातीत पिकणाऱ्या तुरीसाठी. तरी कलबुर्गीत कित्येक मिली बंद पडल्या, आमच्या भागातली तूर कच्चीच ट्रकांत भरून उदगीर-लातूरकडे जाते, आणि देश म्यानमार, मोझांबिकहून तूर मागवतो. मिल गावात राहावी, चार पोरांना इथेच काम मिळावे, हीच तर आमची सगळी योजना होती. तीच सोडायला सांगितलीत.

बँकेत का गेलो नाही, असे विचारलेत. गेलो होतो. प्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना होती, ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेले. विनातारण कर्जाला हमी देणारी योजनाही २००० सालापासून आहे. मॅनेजरांनी ऐकून घेतले आणि जमिनीचे कागद मागितले. जमीन अजून आजोबांच्या नावावर, वाटण्या व्हायच्या आहेत. राज्यघटनेच्या कलम ३७१ (जे) ने आम्हाला शिक्षणात आणि नोकरीत वाटा दिला, त्याचे ऋण मानतो. पण ज्याला नोकरी मागायची नाही, द्यायची आहे, त्याने भांडवलासाठी कुणाच्या दारात जावे?

तुमच्यावरचा खरा राग मात्र निराळाच आहे. डाळीच्या धंद्याचे वर्ष एका हंगामावर उभे असते. डिसेंबरपासून नवी तूर बाजारात येते. शेतकऱ्याला रोख हवी असते. त्या दोन-अडीच महिन्यांत गोदाम भरले तर मिल वर्षभर चालते. नाही भरले, तर पुढे व्यापारी सांगेल त्या भावाने पोती उचलावी लागतात, आणि त्या भावाच्या डाळीत काही उरत नाही. हे मी तुम्हाला समोर बसून सांगितले होते. तुम्ही दिवाळीच्या सुमारास हिशेब मागितले, पाच वर्षांचे अंदाज मागितले, दिले. सौदा होईपर्यंत नवे कर्ज उचलू नका म्हणालात, म्हणून पतसंस्थेचे मंजूर होत आलेले कर्ज थांबवले. त्यानंतर तुमचा फोन नाही, निरोप नाही. माझे निरोप वाचल्याचे मला दिसत होते. ज्या शेतकऱ्यांना ‘तुमचा माल मीच घेईन’ असा शब्द दिला होता, त्यांनी संक्रांतीपर्यंत वाट पाहिली आणि आडतीवर घातला. त्यांना मी काय सांगायला हवे होते?

नकार आला असता तर वाईट वाटले असते, पण पतसंस्थेकडे परत गेलो असतो. तुमच्या पैशावर आमचा हक्क नव्हता. वेळेवर उत्तर मिळण्याचा मात्र होता. पाच वर्षांत दहापट वाढणारा धंदा तुम्हाला हवा असेल, तर डाळ मिल तुमच्या कामाची नाही. तेही पहिल्याच भेटीत सांगता आले असते.

बिदर-कलबुर्गीकडची आणखी पोरे तुमच्याकडे येतील. कुणाचे सोयाबीन असेल, कुणाची ज्वारी, कुणाची बिदरी कला. त्यांना पैसे द्या किंवा देऊ नका, पण माल बाजारात येण्याच्या आधी हो की नाही ते कळवा.

आपला,
भालकी तालुक्यातील एक डाळ मिलवाला