बंदूक परवान्यावर, काडतूस नशिबावर

बंदूक घेताना माणूस नळीत डोकावतो, चाप ओढून पाहतो, कागदपत्रं दहादा तपासतो. काडतुसं मात्र दुकानात मिळतील ती घेतो आणि वर्षानुवर्षं कपाटात जपतो. कोकणात वानर-डुकरांपासून पीक राखण्यासाठी परवाना काढणाऱ्या बागायतदाराला ही सवय परवडणारी नाही. दमट हवेत पितळी बूड हिरवं पडतं, जुनं कागदी नळकांडं फुगतं, दारूला ओल लागते. मग चाप ओढला तरी बार उडत नाही, किंवा क्षणभर थांबून उडतो. तेवढ्यात घाई करून बंदूक उघडली तर अपघात ठरलेला. म्हणून बार न उडाल्यास नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावं. त्याहून घातक म्हणजे अर्धवट पेटलेला बार: आवाज फुसका येतो, अडथळा नळीतच राहतो आणि पुढच्या बाराला नळी फुटू शकते.

यावर उपाय म्हणून जास्त जोराचं काडतूस मागणं ही दुसरी चूक. बारा बोअरच्या कित्येक जुन्या विलायती बंदुका अडीच इंची काडतुसासाठी बनवलेल्या आहेत. पावणेतीन इंची काडतूसही त्यांत सहज जातं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. ‘बसलं म्हणजे चाललं’ हा हिशेब इथे लागू नाही. नळीवर कोरलेलं माप जुळणारं, सीलबंद खोक्यातलं, कोरड्या जागी ठेवलेलं काडतूसच भरवशाचं. त्या खोक्यातले दोन-चार बार अधिकृत रेंजवर उडवून पाहिले, तरच त्यावर विसंबावं.

अडचण इथेच येते. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते, म्हणून माणूस सरावाला हात आखडतो आणि जुना साठा सांभाळतो. शस्त्र कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, म्हणजे नूतनीकरणही लांबलं. म्हणून निदान नूतनीकरणाच्या वेळी तरी जुनी काडतुसं जमा करून तेवढीच नवी मर्यादेबाहेर घेण्याची मुभा द्यावी. यामुळे गावोगाव दारूगोळा वाढेल, ही शंका रास्त असली तरी मोजून घेतलं आणि मोजूनच दिलं, तर एकही काडतूस वाढत नाही; उलट बेहिशेबी पडून राहिलेली जुनी काडतुसं नोंदीत येतात. मर्यादा हवीच, पण ती संख्येवर असावी. आज तिचा भार सुरक्षिततेवर पडतो आहे.