परसातला वाफा आणि वीटभट्टीची वाट

भाताची झोडणी उरकली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दोन कामांची वेळ एकदमच येते. एक, घरामागचा वाफा खणून मेथी-मुळा टाकण्याची. दुसरी, गाठोडे बांधून भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्टीवर निघण्याची. पोषणाच्या पत्रकांत पहिल्या कामाचे भरपूर वर्णन असते, दुसऱ्याचा उल्लेख क्वचितच. परसबागा कागदावर हिरव्या आणि परसात सुक्या राहतात, त्याचे एक कारण हेच आहे.

पावसाळ्यात इथे भाजीची ददात नसते. शेवळी, टाकळा, कुर्डू रानातून फुकट येतात. पाऊस सरला की रानभाजी संपते आणि ताटात नाचणीची भाकरी, उडदाचे कालवण आणि मिरची एवढेच उरते. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर योजनांची रांग लागली. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) राज्यातील 6 ते 59 महिने वयाच्या 68.9 टक्के बालकांत रक्तक्षय आढळला.

इथे भाजीकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. मेथी-पालकाने तीव्र कुपोषित मूल बरे होत नाही. त्याला भरपूर उष्मांक, प्रथिने आणि औषधोपचार लागतात. पालेभाजीतले लोह शरीर कमीच शोषते, सोबत लिंबू किंवा आवळा असेल तर थोडे अधिक. म्हणजे अंगणवाडीतले अंडे आणि लोहाचे औषध सुटता कामा नये. मग वाफा कशासाठी? 6 ते 23 महिन्यांच्या बाळाला रोज 8 अन्नगटांपैकी किमान 5 गटांतले अन्न मिळावे, असा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा निकष आहे. आईचे दूध, भाकरी आणि डाळ मिळून तीन गट होतात. लाल भोपळा किंवा गडद हिरवी पालेभाजी हा चौथा. टोमॅटो, मुळा, वांगे यांसारखी इतर भाजी हा पाचवा. दूध, अंडे, मासळी विकत आणावी लागते. हे दोन गट मात्र परसात उगवतात. भाजी मऊ शिजवून, घोटून, वर चमचाभर खुरासणीचे तेल घातले की त्यातले अ जीवनसत्त्वही अंगी लागते.

काम जमिनीत ओल आहे तोवरच, नोव्हेंबरात करायचे. मेथी, माठ, मुळा महिन्या-दीड महिन्यात ताटात येतात. वाफा मोरीजवळ घ्यावा, म्हणजे तांदूळ-भाजी धुतलेले पाणी पुरते. साबणाचे पाणी नको. भोपळ्याच्या वेलाशेजारी जुने मडके तोंडापर्यंत पुरून भरून ठेवले तर ओल झिरपत राहते. पिके निघाल्यावर गुरे-शेळ्या मोकळ्या सुटतात, म्हणून कारवीचा कूड आधी, बी नंतर. ‘पालापाचोळ्याचे आच्छादन घाला’ असे सांगणाऱ्याने मात्र जरा थांबावे. तो पाला पुढच्या राबासाठी राखलेला असतो. भाताचे तूस चालेल.

प्रश्न राखण्याचा आहे. आईबाप भट्टीवर गेले तरी आजी आणि शाळेतली नातवंडे मागे राहतात, तिथे दोन लहान वाफे निभतात. मोठी बाग आजीच्या माथी मारू नये. ज्या घराला कुलूपच लागले, त्याला परसबागेचा काही उपयोग नाही. त्या बाळाचा आहार, वजन आणि लसीकरण भट्टीवरच्या अंगणवाडीने पाहायला हवे; नाव गावच्या पटावर आणि मूल भिवंडीत, ही तऱ्हा बंद व्हावी. आणि रोजगार हमीचे काम झोडणीनंतर लगेच गावात निघाले, मजुरी वेळेवर मिळाली, तर काही कुटुंबे तरी थांबतील. बागेपेक्षा या कामाची निकड अधिक आहे.

पाण्याचेही तसेच. वैतरणेचे पाणी या डोंगरांतून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो. त्यामुळे बियाण्याची पाकिटे वाटायची तर ती कापणीआधी वाटावीत. जानेवारीत वाटप करून छायाचित्रे काढली तर त्या वाफ्याला पाणी घालणार कोण? विहिरीवरून हंडा आणणारी बाई तोवर भट्टीवर पोहोचलेली असते.