सत्ता आली, शब्द रुजला नाही

१७३९ पर्यंत डहाणूवर पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांच्या चर्चमधील धूपाचे नाव ‘इन्सेन्सु’. मूळ लॅटिन ‘इन्सेन्सुम’, म्हणजे जाळलेले. स्पॅनिश ‘इन्सिएन्सो’, इटालियन ‘इन्चेन्सो’ ही त्याची भावंडे. झामेनहोफने १८८७ साली मांडलेल्या कृत्रिम एस्पेरांतोतही ‘इन्त्सेन्सो’च आहे.

मराठीने पोर्तुगीजांकडून पाव, चावी, पगार घेतले. हा शब्द मात्र घेतला नाही. कारण संस्कृत ‘धूप’ घरातच होता, आणि अरबीतून आलेला ‘ऊद’ही तिने आपलासा केला, त्यासाठी येथे अरबांचे राज्य यावे लागले नाही.

म्हणून डहाणू-तलासरीच्या बोलींतील प्रत्येक अनोळखी शब्द राज्यकर्त्यांच्या खात्यावर मांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शब्द हुकमाने नव्हे, गरजेने रुजतात.