‘पर्याय नाही’ म्हणता, पण शोधला कुठे?

तुम्हाला दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनमुळे थंडीताप येऊ नये, म्हणून ते आधी सशाच्या कानाच्या शिरेत टोचून त्याचा ताप मोजण्याची पद्धत कित्येक दशके चालत आली. हीच तपासणी माणसाच्या रक्तपेशींवर प्रयोगशाळेत करता येते. २०१० पासून ती युरोपीय फार्माकोपियात आहे. यात नुसती भूतदया नाही. सशाचा ताप आणि तुमचा ताप नेहमी सारखाच असतो असे नाही.

तरीही प्रयोगाच्या अर्जावर ‘पर्याय उपलब्ध नाही’ असे एका ओळीत लिहिणे फार सोपे असते. पबमेडवर नुसते ‘अल्टरनेटिव्ह’ टाकून भागत नाही. या तपासणीचे नाव ‘मोनोसाइट अ‍ॅक्टिव्हेशन टेस्ट’. प्राण्याचे नाव सोडा, मोजायचे काय आहे ते शोधा. तिथे ‘अ‍ॅनिमल टेस्टिंग अल्टरनेटिव्हज’ असा ठरलेला विषय-शब्दही आहे. ग्रंथपालाला विचारले तर तो दाखवेल. (विचारतो कोण!)

अमेरिकेत पर्याय कुठे आणि कसा शोधला हे संशोधकाला लेखी द्यावे लागते. प्रयोगांसाठी वाढवलेले उंदीर त्या कायद्यातून वगळलेत, ही त्यांची पळवाट. आपल्या समित्यांनी ती न ठेवता शोधाची तारीख, डेटाबेस आणि वापरलेले शब्द मागावेत. नसतील तर अर्ज परत पाठवावा.